आधी कराचं पान लिही

प्रिय डॉक्टर,

आता तुला असंच म्हणायला हवं. तंबाखू नियंत्रणावरचं तुझं टिपण मिळालं, दोनदा वाचलं. बारा पानांपैकी नऊ पानं जनजागृतीवर आहेत: व्याख्यानं, भित्तिपत्रकं, प्रतिज्ञा, प्रभातफेऱ्या. करावर एक परिच्छेद, तोही "करवाढीचा विचार व्हावा" इथे येऊन थांबतो. माझं मत स्पष्टच सांगते. हे टिपण उलटं करायला हवं. नऊ पानं करावर लिही आणि जनजागृतीला एक परिच्छेद दे.

तुला वाईट वाटेल, कारण ती नऊ पानं तू जीव ओतून लिहिली आहेस. ती कुठून आली हेही मला कळतं. ओपीडीत तोंड उघडता न येणारा तिशीतला माणूस समोर बसला, की पहिला विचार हाच येतो: याला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर! मीही सुरुवातीची कितीतरी वर्षं याच समजुतीत काढली. मग एकदा लक्षात आलं, की "तंबाखू वाईट हे मला माहीतच नव्हतं" असं म्हणणारा रुग्ण मला भेटलाच नव्हता. त्यांना माहीत होतं. अर्धवट माहीत होतं, कर्करोगाचं ऐकलेलं, हृदयविकाराचं आणि पक्षाघाताचं नाही; पण माहीत होतं. बहुतेकांनी सुरुवात मात्र पोरवयात केली होती, आणि कळेपर्यंत निकोटिननं ताबा घेतला होता. धुरातून आलेलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. त्याच्याशी भित्तिपत्रकानं झुंजावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घे. केवळ प्रबोधनाला तंबाखू कंपन्यांचा कधीच विरोध नसतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यांच्या तडजोडींनंतर कंपन्यांची लाखो अंतर्गत कागदपत्रं खुली झाली. कंपन्यांनी स्वतः चालवलेले "मुलांनो, धूम्रपान करू नका" असे कार्यक्रम कडक कायदे टाळण्यासाठी आणि प्रतिमा सुधारण्यासाठी कसे वापरले गेले, हे त्यांतून दिसतं. त्याच ढिगात १९६९ चं एका कंपनीचं टिपण आहे. "संशय हेच आपलं उत्पादन" असं त्यात सरळ लिहिलंय. विरोधक कशाला घाबरतो आणि कशाला टाळ्या वाजवतो, हे पाहत जा. कराला तो घाबरतो.

आता कराचं गणित. तू अर्थखात्यात जाशील तेव्हा मृत्यूंचे आकडे पुढे करशील. जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसं तंबाखूनं मरतात, वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, वगैरे. समोरचा अधिकारी मान हलवेल. मी हे केलेलं आहे. माझं पंचवीस मिनिटं बोलून झाल्यावर मला एकच प्रश्न आला होता: "मॅडम, महसूल किती वाढेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि बैठक तिथेच संपली. तो प्रश्न मला तेव्हा निर्दय वाटला. आज वाटतं, तो माणूस त्याचं काम करत होता, मी माझं केलं नव्हतं.

तू उत्तर घेऊन जा. समज, सिगारेटच्या पाकिटाची किंमत १०० आहे आणि त्यात कर ५०. कर ७० केला आणि कंपनीनं तो सगळा ग्राहकावर ढकलला, तर किंमत १२० होते, म्हणजे २० टक्के वाढ. आपल्यासारख्या देशांतला ढोबळ अनुभव असा, की किंमत १० टक्क्यांनी वाढली तर खप सुमारे ५ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे इथे खप १० टक्क्यांनी घटेल. पूर्वी १०० पाकिटांवर ५,००० जमा होत होते. आता उरलेल्या ९० पाकिटांवर ६,३०० होतील. खप घटला आणि तिजोरीही भरली. कर किमतीचा छोटा हिस्सा असतो, तोवर हे असंच घडतं, आणि बहुतेक गरीब देश अजून त्याच टप्प्यावर आहेत. किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे.

पण कर म्हणजे नुसता दर नव्हे. तो कसा बसवला आहे यात अर्धी लढाई असते, आणि डॉक्टर लोक नेमके इथेच कंटाळतात. तू कंटाळू नकोस. किमतीच्या टक्केवारीनं कर लावला, तर कंपनी मूळ किंमत खाली आणून कर वाचवते, आणि स्वस्त माल स्वस्तच राहतो. दर कांडीमागे ठरावीक रक्कम लावली तर ही पळवाट बंद होते. मात्र ती रक्कम दरवर्षी महागाईबरोबर आपोआप वाढेल अशी तरतूद कायद्यातच हवी. नाहीतर चार-पाच वर्षांत महागाई ती गिळून टाकते. महागाईइतकी वाढही पुरत नाही, कारण लोकांचं उत्पन्न वाढत असतं. किंमत वाढूनही वस्तू अधिक परवडू लागली, असं कितीतरी देशांत झालंय. आणि किमतीनुसार तीन-चार टप्पे ठेवले असतील, तर ग्राहक एकेक पायरी खाली उतरत जातो, सोडत नाही.

फिलिपिन्समध्ये नेमकी हीच भानगड होती. तिथे चार टप्पे होते आणि जुने ब्रँड १९९६ च्या किमतींवर गोठवलेले होते. २०१२ च्या डिसेंबरात तिथे नवा कायदा झाला. सिनेटमध्ये अंतिम मसुदा १० विरुद्ध ९ मतांनी, म्हणजे एका मतानं वाचला. टप्पे आधी दोनवर आणले आणि २०१७ पर्यंत सर्व पाकिटांना ३० पेसोंचा एकच दर झाला. वाढीव पैशातला एक हिस्सा तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांना आणि उरलेल्यातला मोठा भाग आरोग्याला, त्यातही गरिबांच्या आरोग्यविम्याला, असं कायद्यातच लिहिलं होतं. तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९ मध्ये २९.७ टक्के होतं, २०१५ मध्ये ते २३.८ टक्क्यांवर आलं. या उदाहरणावर तुझं एक अख्खं पान खर्च कर. कर वाढवणारे आणि दवाखाने चालवणारे तिथे एका बाजूला आले, कारण पैशाची वाट दोघांना दिसत होती.

तुला पहिला आक्षेप ऐकू येईल तो असा: हा कर गरिबांवर बसतो. हा आक्षेप खोटा म्हणून झटकू नकोस. जो सोडत नाही त्याच्या घरातला पैसा खरोखरच जास्त जातो, आणि ही माणसं आपलीच आहेत. पण किंमत वाढल्यावर सर्वाधिक सोडतात तेही गरीबच, आणि आजारपणात घर बुडण्याचा धोकाही त्यांनाच असतो. म्हणून करासोबत सोडण्याची मदत मागायचीच. निकोटिनचे च्युइंगम आणि पट्ट्या २००९ पासून, तर व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही सोडायला मदत करणारी औषधं २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरी किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती मिळतात? तुझ्या टिपणात यावर एक ओळही नाही. गरिबांकडून कर घ्यायचा आणि सोडायला हात द्यायचा नाही, हे मला मान्य होण्यासारखं नाही.

दुसरा आक्षेप तस्करीचा. कर वाढला की चोरटा माल येतो, असं सांगितलं जातं. चोरटा माल असतोच, पण तो कराच्या दरापेक्षा कारभाराच्या ढिलाईवर जास्त पोसला जातो. कर कमी आणि तस्करी भरपूर, असेही देश आहेत. केनियानं २०१३ पासून पाकिटागणिक मागोवा घेता येईल असे शुल्क-शिक्के सुरू केले. तंबाखूच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय पूरक करार २०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला मंजूर होऊन २०१८ मध्ये अमलात आला. आपला देश त्यात कुठे आहे, ते टिपणात यायला हवं.

सरसकट बंदीची मागणी मात्र त्यात घालू नकोस. तरुणपणी मलाही तोच सरळ मार्ग वाटायचा. भूताननं २००४ मध्ये विक्री बंद केली. माल सीमेपलीकडून येत राहिला आणि २०२१ मध्ये बंदी उठवावी लागली. दक्षिण आफ्रिकेनं कोविडच्या काळात, २०२० च्या मार्चअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, विक्री थांबवली. त्या साडेचार महिन्यांत चोरट्या व्यापाराला पाय फुटले आणि कराचं उत्पन्न बुडालं ते वेगळंच. याच देशानं नव्वदच्या दशकात कर वाढवत नेऊन सिगारेटचा खप मोठ्या प्रमाणावर खाली आणला होता. एकाच देशाचे हे दोन अनुभव शेजारी ठेवून बघ.

कर सगळ्या प्रकारांवर हवा. दक्षिण आशियात हे विसरलं की सगळं मुसळ केरात. भारताच्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २१.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे आणि १०.७ टक्के धूम्रपान करणारे निघाले. धूम्रपानातही सिगारेटपेक्षा विडी जास्त. अशा ठिकाणी सिगारेटवरच कर वाढवत राहिलं, की माणूस विडीकडे किंवा चघळण्याकडे वळतो आणि आपल्याला सिगारेटचा आकडा घटल्याचं समाधान मिळतं. विडी वळणाऱ्या बायकांच्या रोजगाराचा प्रश्न खरा आहे. पण त्यांच्या नावानं कर अडवणाऱ्यांनी त्यांची मजुरी कधी वाढवली, हेही विचारायला हवं.

शेतकऱ्यांचंही तसंच. मलावीसारखा देश निर्यातीच्या कमाईसाठी या एका पिकावर फार अवलंबून आहे, आणि तिथल्या माणसाला "पीक बदला" असं दूर बसून सांगणं सोपं असतं. ओल्या पानांतून कातडीवाटे निकोटिन भिनून ज्याला मळमळ आणि चक्कर येते, तोही आपलाच रुग्ण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण चौकट कराराच्या १७ व्या कलमात पर्यायी उपजीविकेची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. सर्वांत कमी काम त्यावरच झालंय. पण देशातला कर वाढला म्हणून शेतकरी बुडतो, हे ब्राझीलकडे बघून पटत नाही. तंबाखूची पानं निर्यात करण्यात तो देश जगात आघाडीवर आहे आणि स्वतःच्या लोकांतलं धूम्रपान त्यानं काही दशकांत कितीतरी खाली आणलं.

या चौकट करारावर तू छान लिहिलं आहेस, त्याला हात लावत नाही. २००३ ला मंजूर, २००५ ला अमलात, १८० हून अधिक पक्षकार, सगळं बरोबर. फक्त ५.३ कलम वर आण. धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाचा हस्तक्षेप रोखा, असं ते सांगतं. तुझ्या मसुद्यात "सर्व संबंधितांशी" सल्लामसलत सुचवली आहे. ते वाक्य काढ. या खेळात कंपनी संबंधित पक्ष नाही. तुला कुणी परिषदेचं, प्रवासाचं, संशोधननिधीचं आमंत्रण देईल. पैसा कुठून येतो ते आधी तपास. माणसं वाईट नसतात, पण एक चहा घेतला की दुसऱ्या भेटीत शब्द मऊ होतात. मी हे जवळून पाहिलंय.

आणि दमदाटी झाली तर उरुग्वे आठव. साधारण ३५ लाख वस्तीचा देश. तेव्हाचे अध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कर्करोगतज्ज्ञ होते. २००६ मध्ये बंद सार्वजनिक जागा धूरमुक्त झाल्या, पुढे पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्यांना दिला, एका ब्रँडचा एकच प्रकार विकायची सक्ती केली. २०१० मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं गुंतवणूक कराराचा आधार घेऊन देशालाच लवादासमोर उभं केलं. निकाल लागला ८ जुलै २०१६ ला, उरुग्वेच्या बाजूनं, आणि खर्चापोटी ७० लाख डॉलर कंपनीनं द्यावेत असा आदेश झाला. सहा वर्षं! तेवढा काळ छोट्या देशाच्या वकिलांनी आणि अधिकाऱ्यांनी धीर धरला. मला त्या माणसांविषयी फार आदर वाटतो. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मी कधी वर्तमानपत्रात वाचलं नाही.

धीराचा विषय निघाला म्हणून एक सांगते. धूम्रपानाची लाट आणि मृत्यूंची लाट यांत तीसेक वर्षांचं अंतर असतं. म्हणजे तू आज कर वाढवून घेतलास, तर नवी मुलं लागली नाहीत याचा फायदा मृत्यूच्या नोंदीत दिसेल तेव्हा तू निवृत्त झालेली असशील. पण सगळंच इतकं दूर नाही. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत दिसलं, की तिशीत सोडणाऱ्याची सुमारे १० वर्षं वाचतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीतही ३. तुझ्या ओपीडीत आज बसलेल्या पन्नाशीच्या माणसासाठीही अजून वेळ गेलेली नाही. हे आकडे अर्थखात्यासाठी नाहीत, तुझ्यासाठी आहेत. बैठकीतून हात हलवत परत आलीस की वाचायला.

आता काम. उत्पादन शुल्काचे गेल्या दहा वर्षांचे आकडे मिळव: दर, जमा, खप, प्रत्येक प्रकाराचे वेगळे. शेजारच्या रकान्यात दरवर्षीची महागाई आणि सरासरी उत्पन्न लिही. मग वर दिलेलं गणित तीन वेगवेगळ्या दरांसाठी मांड. खपातली घट जरा कमी-जास्त धरूनही करून बघ, कारण तुला पहिला प्रश्न त्यावरच येईल. दोन आठवड्यांनी पाठव. विडीचा रकाना रिकामा राहिला तर तसाच पाठव, पण शेजारी लिही की कुणाकडे मागितला आणि काय उत्तर मिळालं.

सस्नेह,
तुझी मॅडम