शिंपल्याचा समुद्र शोधताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

युरोपातील नवाश्मयुगीन स्थळांवर सापडणाऱ्या स्पॉन्डिलस शिंपल्याच्या बांगड्या आणि मणी तू अभ्यासासाठी निवडलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. शिंपला कोणत्या समुद्रातला हे ठरवण्यासाठी समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, चाचणी कोठे करावी असे तू विचारले आहेस. पण त्याआधी प्रत्येक वस्तू भिंगाखाली नीट बघ. घासून गुळगुळीत केलेल्या बांगडीत स्पॉन्डिलस आणि ग्लायसिमेरिस या दुसऱ्या जातीचा शिंपला यांतील फरक सहज नजरेतून निसटतो, आणि ओळखच चुकली तर पुढचे सारे श्रम वाया जातात. स्पंज या सागरी जीवाने पाडलेली छिद्रे शिंपल्याच्या आतल्या बाजूस दिसली, तर प्राणी मेल्यानंतरही शिंपला पाण्यात पडून होता असे समज; बाहेरच्या बाजूची छिद्रे मात्र जिवंतपणीही पडतात.

भूवैज्ञानिक निकोलस शॅकल्टन आणि पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू यांचा या शिंपल्यांवरचा 1970 सालचा निबंध मुळातून वाच. काळ्या समुद्रात मोठ्या नद्यांचे गोडे पाणी मिसळत असल्याने तेथील ऑक्सिजन समस्थानिकांचे प्रमाण भूमध्य समुद्राहून वेगळे असते, आणि शिंपला वाढताना ते प्रमाण त्याच्या थरांत उतरते. या आधारावर त्यांनी बाल्कन प्रदेशातील शिंपले काळ्या समुद्रातून नव्हे, तर ग्रीस आणि तुर्कस्तान यांमधल्या एजियन समुद्रातून (भूमध्य समुद्राच्या एका भागातून) आले असा निष्कर्ष काढला. तरीही, लोकांनी जुन्या खडकांतील जीवाश्म शिंपले वापरले असतील, ही शंका उरत होती. महासागरातील स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे गुणोत्तर लक्षावधी वर्षांत बदलत आल्यामुळे शॅकल्टन आणि भूरसायनशास्त्रज्ञ हॅरी एल्डरफील्ड यांना 1990 मध्ये ती तपासता आली. त्यांनी पाहिलेले शिंपले जीवाश्म नव्हते. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: सागरी शिंपल्यातील स्ट्रॉन्शियम मुख्यतः वय सांगते, शिंपला एजियन समुद्रातला की इटलीच्या पूर्वेकडील एड्रियाटिक समुद्रातला, हे ते सांगू शकत नाही.

नमुना कोणत्या थरातून घेतलास हे न चुकता नोंदव. स्पॉन्डिलसचा बाहेरचा थर कॅल्साइटचा आणि आतला अ‍ॅरागोनाइटचा असतो; ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच वेगवेगळी स्फटिकरूपे. आतल्या थरात कॅल्साइट आढळले तर शिंपला भाजला गेला असेल किंवा जमिनीत त्याचे पुन्हा स्फटिकीकरण झाले असेल, आणि मग त्यातील ऑक्सिजनवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

आणि समुद्र सापडला म्हणजे वाट सापडली असे मानू नकोस. पॅरिसच्या खोऱ्यापर्यंत पोहोचलेला शिंपला किती हातांतून गेला, हे रसायनशास्त्र सांगणार नाही. त्यासाठी झिजलेल्या कडा, दुरुस्तीची भोके आणि दफनातील त्याची जागा यांच्या नोंदी लागतील. या नोंदींच्या तक्त्याचा कच्चा आराखडा मला आधी पाठव, मग संग्रहालयाकडे नमुन्यांची परवानगी मागू.

तुझा हितचिंतक