रिव्हरवर मेलो म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : गणपतीच्या जागरणाला आमच्या गल्लीत दरवर्षी तीन पत्ती असते, पैसे नाही, शेंगा लावून. यंदा बेंगळूरहून आलेला मावसभाऊ म्हणाला पोकर खेळूया. मी पत्ते न बघताच शेंगा टाकल्या आणि म्हटलं 'ब्लाइंड', तर सगळे हसायला लागले. पुढं माझे तीन गुलाम झाले म्हणून मी शेंगा ओढायला हात घातला तर हा म्हणतो थांब, माझा कलर आहे, तू हरलास. फसवलं काय ओ त्यानं?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : नाही ओ, फसवलं नाही. घोळ असा आहे की शब्द आपल्या ओळखीचे वाटतात पण त्यांचा अर्थ निराळा असतो. आपल्यात ब्लाइंड म्हणजे पत्ते न उचलता चाल. पोकरमध्ये तो सक्तीचा बूट, म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच मधे टाकायची रक्कम, आहे, आणि तोसुद्धा सगळ्यांनी नाही टाकायचा, डीलरच्या डाव्या हाताला बसलेल्या दोघांनी पत्ते वाटायच्या आधी टाकायचा, पहिल्याचा स्मॉल ब्लाइंड आणि दुसऱ्याचा बिग, म्हणजे एकानं पाच शेंगा टाकल्या तर दुसऱ्यानं बहुतेक दहा. पुढच्या डावाला हे काम सरकत पुढच्या माणसाकडं जातं. पॅकला, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडण्याला, फोल्ड म्हणायचं, समोरच्याएवढंच टाकलं तर कॉल, वाढवलं तर रेझ. 'चेक'ला मात्र आपल्याकडं जोडीच नाही. त्या फेरीत अजून कुणी काही लावलेलं नसेल तर टेबलावर टकटक करायची नि फुकटात पुढं ढकलायचं, आपल्या जागरणात असं कुणी केलं तर उठवूनच लावतील.

आता तुमचे तीन गुलाम. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, सगळ्यात भारी, कारण तीन पानांचे २२,१०० हात होतात आणि त्यात ट्रेल फक्त ५२, साधे सीक्वेन्स (ओळीनं येणारी पानं) ७२०, कलर (सगळी एकाच रंगाची, म्हणजे नुसती बदाम किंवा नुसती इस्पिक अशी) १,०९६. म्हणून आपल्यात सीक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये हात पाच पानांचा, आणि तिथं तीन सारखी पानं ५४,९१२ हातांत येतात, सीक्वेन्स १०,२०० हातांत आणि कलर ५,१०८ हातांतच. जे दुर्मीळ ते भारी, नियम तोच, हिशोब तेवढा उलटा झाला. मावसभाऊ बरोबर होता, पण शेंगा ओढायच्या आधी त्यानं हे सांगायला पाहिजे होतं हे माझं मत.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीला आला की रात्री माडीवर फोनवर बोलत असतो, 'रिव्हरवर मेलो', 'त्या फिशनं मारलं', 'टिल्ट झालो'. नदीवर कुठं जातात ही पोरं? त्याला पोहायला येत नाही.
— एक आई, निपाणी

उत्तर : मावशी, वेदगंगेकडं बघायला जाऊ नका, ही नदी टेबलावरची आहे. पोकरच्या होल्डेम प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि मधे सगळ्यांसाठी पाच उघडतात. पहिली तीन एकदम, तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. तुमच्या पोराकडं दोन एक्के, समोरच्याकडं दोन राजे आणि दोघांनी फ्लॉपच्या आधीच होतं-नव्हतं ते सगळं लावलं, त्याला ऑल-इन म्हणतात, तर पाचातून चार वेळा एक्केच जिंकतात. पण चौथ्या पानापर्यंत पुढं असलेला माणूस शेवटच्या पानाला राजा पडला की संपला, ते रिव्हरवर मरणं, आणि असं तोंडाशी आलेलं जाणं म्हणजे बॅड बीट. फिश म्हणजे कच्चा खेळाडू, ज्याच्या जिवावर बाकीचे जेवतात. गंमत म्हणजे टेबलावर फिश कोण हे फिशलाच कळत नाही.

टिल्टकडं तेवढं लक्ष ठेवा. जुन्या पिनबॉलच्या मशीनला कुणी रागानं हलवलं की त्यावर 'टिल्ट' उमटायचं आणि मशीन बंद पडायचं, तिथून हा शब्द आला. हरल्यावर डोकं फिरून अंगावर येईल तसं लावत सुटणं म्हणजे टिल्ट. पोरगं स्वतःच्या तोंडानं 'टिल्ट झालो' म्हणतंय म्हणजे निदान त्याला कळतंय तरी, पण पैसे लावतोय काय हे सरळ विचारा. पैशाचे ऑनलाइन खेळ चालवायला २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आणलीय, त्यात कौशल्याचा की नशिबाचा हा वादच ठेवलेला नाही. आणि दर शनिवारी चोर्ला घाटानं पणजीला जातोय असं कळलं तर तो तिथं समुद्र बघायला जात नाही.

प्रश्न : दश्शी-दुर्री आली की आमच्यातला एकजण 'डॉयल' म्हणून ओरडतो. का?
— खानापूर

उत्तर : डॉयल ब्रन्सन नावाचा अमेरिकन खेळाडू होता. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा मारली आणि दोन्ही वेळेला शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्रीच होती. एरवी हा फेकायचाच हात. मी एकदा हट्टानं तीन डाव खेळून बघितला, समोरची परात रिकामी झाली आणि उरलेली रात्र दुसऱ्यांच्या शेंगा सोलत बसलो.