पहिली जुनी गाडी घेताना

गाडी पाहायला जाण्यापूर्वीच आपण माहिती गोळा करत आहात, हे फार चांगले आहे. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि साधारण तितक्याच किलोमीटर धावलेल्या काही गाड्यांच्या किमती लिहून ठेवा. नोंदणी हस्तांतरण, विमा आणि सुरुवातीच्या दुरुस्त्या यांसाठी पैसे बाजूला काढून उरेल तेवढीच रक्कम गाडीसाठी आहे, असे धरा.

गाडी दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असतानाच पाहा, कारण विक्रेत्याने ती आधीच सुरू करून गरम ठेवली असेल, तर सुरू होतानाची अडचण, खडखडाट किंवा निळसर धूर लपून राहू शकतो. दारांच्या फटी कमी-जास्त असतील किंवा रंगाची छटा बदलत असेल, तर अपघाताबद्दल स्पष्ट विचारा. यानंतरही विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. या खर्चात काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

नवख्यांच्या हातून बहुधा या चुका होतात:

- चासी क्रमांक (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) कागदपत्रांशी ताडून न पाहणे आणि गाडीवर कर्ज बाकी आहे का, याची खात्री न करणे.
- एकूण किंमत सोडून मासिक हप्त्यावर बोलणी करणे.
- पहिल्याच भेटीत बयाणा देणे.

घासाघीस करताना सरसकट ‘कमी करा’ म्हणू नका. झिजलेले टायर, कमकुवत बॅटरी अशा दोषांच्या दुरुस्तीचा खर्च पुढे ठेवा, आपला आकडा सांगा आणि उत्तराची शांतपणे वाट पाहा. ठरवलेल्या मर्यादेत सौदा बसला नाही, तर निःसंकोच दुसरी गाडी पाहा.