निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लिहावंसं वाटतंय. या वयात जमेल का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही म्हणताय की नोकरीत टिपणं आणि अहवाल सोडून कधी काही लिहिलं नाही, आता निवृत्त झाल्यावर अचानक लिहावंसं वाटतंय, आणि मुलं तर आत्ताच पुस्तक काढायच्या गोष्टी करताहेत. जमेल का, असा प्रश्न आहे. जमेल. वयाची अडचण मला फारशी वाटत नाही. खरी अडचण तुम्ही प्रश्नातच सांगून टाकलीय: टिपणं आणि अहवाल.

मी हिशेबतपासणीतून निवृत्त झालो आणि नंतर लिहायला लागलो. आम्ही काही जण आठवड्यातून एकदा जमतो आणि आपापलं लिहिलेलं वाचून दाखवतो. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. नवा माणूस पहिल्यांदा काय वाचणार, याचा आता आम्हाला अंदाज असतो. एक तर ‘माझा जन्म एका सर्वसामान्य कुटुंबात झाला’ इथून निघून शिक्षण, नेमणूक, बदल्या, बढत्या अशी स्टेशनं घेत सत्कारापर्यंत पोचणारं काहीतरी, नाहीतर ‘आजच्या पिढीला सांगावेसे वाटते की’ या सुराचं. पहिलं म्हणजे सेवापुस्तक आणि दुसरं निरोपसमारंभातलं भाषण. गंमत अशी की तोच माणूस बैठक संपल्यावर जिन्यात उभं राहून जे सांगतो, ते ऐकत राहावंसं वाटतं.

वीजखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्यात आहेत. त्यांनी लिहिलं होतं, ‘वादळामुळे खंडित झालेला वीजपुरवठा अथक परिश्रमांती पूर्ववत करण्यात आला.’ कुणीतरी विचारलं, केला कुणी? मग ते बोलायला लागले. लाइन बंद केल्याचा निरोप आला तरी तारा आधी जमिनीशी जोडल्याशिवाय (म्हणजे अर्थिंग केल्याशिवाय) त्यांना कुणी हात लावत नाही, कारण कुठल्यातरी घरातला जनरेटर उलट्या दिशेने तारेत वीज सोडत असू शकतो. पावसात खांबावर चढलेला मुलगा नवीन होता. हे स्वतः खाली उभे, वर धरलेल्या टॉर्चचा उजेड त्याच्या हातावरून हलू नये एवढंच त्यांचं काम. साहेब असूनही त्या वेळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आणि हे सगळं ‘अथक परिश्रमांती’ या दोन शब्दांत पुरून टाकलेलं!

कार्यालयीन भाषेला मी नावं ठेवत नाही. ‘निदर्शनास आले’, ‘कार्यवाही करण्यात आली’ अशी वाक्यं मीही आयुष्यभर लिहिली, आणि ती तशीच लिहायची असतात. त्यांत करणारा दिसत नाही, कारण तो दिसू नये अशीच ती बेतलेली असतात. वाचकाला मात्र नेमका तोच माणूस हवा असतो: कुणी केलं, तेव्हा हातात काय होतं, समोर कोण होतं, भीती वाटली का. म्हणून पहिला मसुदा झाला की ‘करण्यात आले’ असलेलं प्रत्येक वाक्य शोधा आणि त्यात माणूस घाला. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिला नाही. जमत नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून आधी बोला, मग ऐकून उतरवा. बोलताना कुणी ‘सदरहू’ म्हणत नाही.

आता सुरुवात कुठून. कामापासून करा, असं मी म्हणेन. निवृत्त माणसाला वाटतं की नोकरी रटाळ होती, साहित्य म्हणजे निसर्ग, बालपण, प्रेम. पण एखादं काम आतून कसं चालतं याची पस्तीस वर्षांची माहिती पंचविशीतल्या लेखकाकडे असूच शकत नाही. नॉर्मन मॅक्लीन हे शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९७३ साली निवृत्त झाले आणि त्यांचं पहिलं कथांचं पुस्तक १९७६ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी आलं. त्यात विद्यापीठ जवळजवळ नाहीच. आहे ते तरुणपणी केलेलं जंगलातलं काम: दोघांनी मिळून ओढायची करवत, खेचरांवर सामान लादण्याची पद्धत, आणि वडिलांनी शिकवलेली मासेमारी. या गोष्टींत झाडं आहेत, अशी तक्रार करून एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवलं होतं. पुस्तक गाजलं ते त्या झाडांसकट.

पेनेलोपी फिट्झजेराल्ड या इंग्रज लेखिकेची पहिली कादंबरी १९७७ साली आली, तेव्हा त्या साठीच्या होत्या. युद्धकाळात बीबीसीत केलेली नोकरी, पुस्तकांच्या दुकानातलं काम, थेम्स नदीवरच्या जुनाट बोटीतला संसार (ती बोट पुढे बुडाली) हे सगळं त्यांच्या कादंबऱ्यांत आलं. बोटीवरच्या कादंबरीला १९७९ साली बुकर हे कादंबरीसाठीचं नावाजलेलं पारितोषिक मिळालं. तुम्हाला बुकर मिळेल म्हणून हे सांगत नाही. कच्चा माल कुठून आला ते बघा.

वयाबद्दल शंका आहेच, तर थोडं त्याबद्दल. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्मिन या संशोधकांनी २०१५ साली हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं की बुद्धीच्या सगळ्या क्षमता एकाच वयात शिखरावर नसतात. माहिती झटपट हाताळण्याचा वेग विशीच्या आसपासच उताराला लागतो, पण शब्दसंग्रह साठीतही वाढत असतो. म्हणजे नाव पटकन आठवणार नाही, शब्द मात्र भरपूर असतील. लेखनाला कुठे पटकन आठवायचं असतं? नावासाठी जागा मोकळी सोडा, आठवेल संध्याकाळी.

आठवणींची एक खोड आधीच माहीत असलेली बरी. उतारवयात मागे वळून पाहिलं की साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यांत जास्त आठवतं. मानसशास्त्रज्ञांनी हे पुन्हापुन्हा नोंदवलंय. म्हणूनच बहुतेक आत्मकथा कॉलेजपर्यंत धावतात आणि नंतरची वीस-पंचवीस वर्षं दोन परिच्छेदांत संपतात. मधला काळ एकसारख्या दिवसांचा असतो, तो नुसतं डोळे मिटून हाती लागत नाही. त्याला खुंटी लागते. जुन्या डायऱ्या, बदलीचे आदेश, पासबुकं, भाड्याच्या घरांच्या पावत्या काढा. राहिलेल्या एखाद्या घराचा नकाशा हाताने काढून बघा, दार कुठे उघडायचं तेवढं आठवलं की दारात कोण उभं असायचं तेही येतं. सहकाऱ्याला फोन करा. त्याची आठवण तुमच्यापेक्षा वेगळी निघाली तर वाद घालू नका, दोन्ही लिहा.

भाषा साहित्यिक नाही म्हणून अडणाऱ्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांकडे पाठवतो. जन्म १८६८चा, शाळेचं शिक्षण नाही, लिहिणं-वाचणं लग्नानंतर नवऱ्याकडून शिकलेलं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने यायला लागलं तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. आजही ते वाचताना समोर बसून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. स्वतःची फजिती त्या ज्या मजेत सांगतात, ते धाडस आपल्यातल्या पदाधिकाऱ्यांना सगळ्यांत जड जातं. माझ्या अनुभवात ज्याचं पद जितकं मोठं, त्याचं लेखन तितकं उशिरा सुटं होतं. का, ते तुम्हाला कळेलच.

दुःखाबद्दल लिहावंसं वाटलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिकच उदास वाटलं, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. जोडीदार गेल्यानंतर लिहायला बसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी वाईट वाटणारच, त्यावरून ‘आपल्याला झेपत नाही’ असं ठरवू नये. पण अनेक दिवस जडच जात असेल तर तो विषय बाजूला ठेवा, खुशाल. आणि घरातल्या हयात माणसांबद्दल लिहिलेलं बाहेर जाण्याआधी त्यांना दाखवा. सुनेला स्वतःबद्दलचा परिच्छेद नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यांदा वाचायला मिळाला, तर पुढचं तुम्ही बघा.

राहिलं पुस्तक. घाई करू नका. निवृत्तीचे पैसे हातात आलेल्या माणसाकडे ‘तुमचं पुस्तक आम्ही काढतो’ म्हणणारे लगेच येतात. स्वखर्चाने छापण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त आपण छपाईचं गिऱ्हाईक आहोत, निवडले गेलेले लेखक नव्हे, हे स्पष्ट असू द्या. प्रती किती, त्या कुणाच्या ताब्यात राहणार, विक्रीचा हिशेब कधी मिळणार, आणि हक्क लेखकाकडेच राहणार ना, हे करारात लेखी घ्या. तोंडी उत्तरावर सही करू नका. हे मात्र मी जुन्या खात्यातला माणूस म्हणून सांगतोय. तोपर्यंत घरच्यांसाठी पंधरा-वीस प्रती साध्या छापून बांधून घेता येतात. मुलांचा उत्साह तेवढ्यावर भागतो का ते बघा, आणि त्यांतली एक प्रत तुमच्या खात्यातल्या अशा माणसाला द्या, जो चुका काढल्याशिवाय राहणार नाही.