डॅशकॅम सतत 'कार्ड एरर' दाखवतो, कार्ड बदललं तरी तेच. कॅमेरा खराब की कार्ड?

तुम्ही लिहिलंय की डॅशकॅमला, म्हणजे गाडीच्या काचेवरच्या रेकॉर्डिंग कॅमेऱ्याला, आठ महिन्यांत दोन मेमरी कार्डं झाली, दोन्ही १२८ जीबीची, ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळाली म्हणून घेतलेली, तरी 'कार्ड एरर' येतोच आणि वर दुपारच्या वेळी कॅमेरा आपोआप बंद होऊन चालू होतो, आणि दुकानदार म्हणतो कॅमेराच बदला. थांबा, एवढ्यात बदलू नका. मी पण सोलापूरचाच, जुळे सोलापुरात राहतो, पिवळ्या पाटीच्या दोन गाड्या आहेत, अक्कलकोट-तुळजापूर-गाणगापूर-पंढरपूर अशा देवाच्या ट्रिपा चालू असतात. गाड्या रोज आठ तास तरी पळतात त्यामुळे या कॅमेऱ्यांनी मला भरपूर छळलंय. वाचून मला तरी वाटतं की तुमच्याकडं एक नाही, दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी माझी फजिती सांगतो. मागच्या गळीत हंगामात मोहोळच्या अलीकडं रात्री उसाची ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, सर्व्हिस रोडवरून एकदम आत घुसली अन् माझे डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे खरवडून गेली. ट्रॅक्टरवाला उतरून मलाच दम द्यायला लागला, चार माणसं जमली, मी पण जोरात, "थांब की बे, कॅमेऱ्यात सगळं आलंय, दाखवतो तुला." मोबाईलवर ॲप उघडलं तर शेवटची फाईल एकोणीस दिवसांपूर्वीची, त्यात मी हिप्परग्याजवळ टायरमध्ये हवा भरून घेतोय. कॅमेऱ्याचा लाल दिवा मात्र तेव्हा पण मस्त लुकलुकत होता. जमलेल्यातला एकजण फिसकन हसला आणि माझा आवाजच बसला, दरवाज्यांचं बिल मीच भरलं. तेव्हापासून मी दिव्याकडं बघत नाही, फायली बघतो.

घरी येऊन ते कार्ड लॅपटॉपला लावलं, फॉरमॅट केलं, 'झालं' म्हणाला. काढून परत लावलं तर जुन्या फायली जशाच्या तशा! हे लक्षात ठेवा, कार्डाचं आयुष्य संपलं की बरीच कार्डं स्वतःला कुलूप लावून घेतात, वाचता येतं पण नवीन काही लिहिलं जात नाही. असं झालं की काहीही सॉफ्टवेअर वापरा, ते कार्ड परत लिहिण्याच्या कामाचं नाही.

आता ते संपतं कशानं, तर साधा हिशोब आहे. फुल एचडी कॅमेरा सेकंदाला साधारण १५ मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला पावणेसात जीबीच्या आसपास. आठ तास गाडी चालली की ५४ जीबी. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड जवळपास रोज एकदा पूर्ण पुसून पूर्ण भरतंय, मागचा कॅमेरा पण असेल तर त्याहून जास्त. साध्या कार्डाच्या आतले सेल काहीशे ते फार तर दोन-तीन हजार वेळा लिहिणं सोसतात, ते बनवलेलंच मोबाईलमध्ये फोटो-गाणी ठेवायला. म्हणून डॅशकॅमला 'हाय एन्ड्युरन्स', म्हणजे सतत लिहिणं सोसणारं, असं लिहिलेलं कार्डच घ्यायचं. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्सला फुल एचडी धरून ६४ जीबीला ५,००० तास आणि १२८ जीबीला १०,००० तास असं कंपनीच सांगते. माझ्या आठ तासांनी १२८ वालं तीन-साडेतीन वर्षं जायला पाहिजे, उन्हाचं थोडं कमी धरा. यावरून अजून एक कळतं, कार्ड जितकं मोठं तितका घासा वाटला जातो, फक्त तुमचा कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबी घेतो ते पुस्तिकेत बघून घ्या. आणि पाकिटावर १०० एमबी, १५० एमबी असा स्पीड छापलेला असतो त्याला भुलू नका, तो बहुतेक वाचायचा असतो. लिहायला यू३ किंवा व्ही३० एवढी खूण असली की ४के कॅमेऱ्याला सुद्धा भागतं.

पण तुमची कार्डं घासून मेली असं मला वाटत नाही. निम्म्या किमतीत १२८ म्हटल्यावर माझा पहिला संशय डुप्लिकेटवर. यात होतं काय की आत खरं ८ किंवा १६ जीबीच असतं आणि कार्डाची चिप खोटं सांगते की मी १२८ आहे. पहिले काही तास सगळं छान चालतं, खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं कुठंच जात नाही नाहीतर आधीच्यावर बसतं, मग फाईल दिसते पण उघडत नाही, मग एरर. तपासायला विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ३ (F3). ते कार्ड पूर्ण भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. १२८ ला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. कार्डावरचं काही पाहिजे असेल तर आधी काढून घ्या. आणि १२८ च्या जागी विंडोज ११९ दाखवतं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे. नवीन कार्ड घेतलं की कॅमेऱ्यात घालायच्या आधी हीच परीक्षा. माझ्या दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं एकदा कुठनंतरी चारशे रुपयांत २५६ आणलं होतं, खुश होता लई, निघालं १६.

परीक्षा पास झाली तर फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, लॅपटॉपवर नको. ६४ आणि त्यापुढची कार्डं फायली मांडायच्या एक्सफॅट पद्धतीत येतात आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना फॅट३२ लागतं, तेवढ्यावरून पण 'कार्ड एरर' येतो आणि माणूस चांगलं कार्ड फेकून देतो.

आता दुसरं दुखणं, दुपारी बंद-चालू होणं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्री म्हणजे कुणाला नवल वाटत नाही, पण बंद गाडीत उन्हात आतली हवा ६० च्या पुढं जाते आणि डॅशबोर्डवर हात ठेववत नाही. कार्ड स्वतः ८५ पर्यंत सोसतं, पण स्वस्त कॅमेऱ्यात आत छोटी लिथियम बॅटरी असते तिला ६० च्या वर झेपत नाही, ती फुगते. कॅमेरा बाजूनं फुगल्यासारखा दिसतोय का, जोड उघडलाय का बघा. असेल तर चार्जिंगला लावूच नका, गाडीतून काढा. आणि रोज सकाळी तारीख परत जुन्या सालावर जाते का हे पण बघा. जात असेल तर ती बॅटरी गेली. या बॅटरीचं मुख्य काम म्हणजे गाडीची चावी बंद केल्यावर चालू फाईल नीट बंद करायला दोन-चार सेकंद करंट देणं. ते नाही मिळालं की शेवटची क्लिप उघडतच नाही आणि रोज असं होऊन कार्डावरची फायलींची यादी बिघडते, म्हणजे दोष कॅमेऱ्याचा आणि बदनाम कार्ड. असा कॅमेरा मात्र बदलाच, आणि नवीन घेताना बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटरवाला (बॅटरीसारखाच थोडा करंट साठवणारा भाग) घ्या, तो उन्हाला फुगत नाही.

काचेला चंदेरी सनशेड लावत असाल तर एक गंमत सांगतो. कॅमेरा काच आणि शेडच्या मधे अडकतो, शेड ऊन परत फेकतं आणि सगळं त्याच्याच अंगावर. मी दोन उन्हाळे हेच करत होतो, कॅमेऱ्याची काळजी म्हणून! आता दुपारी सात रस्ता चौकात गाडी उन्हात लावली की कॅमेरा काढून सरळ डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो.

उन्हाचं नसेल तर वायर. डॅशकॅमला बहुतेक ५ व्होल्ट आणि दीड-दोन अँपिअर लागतात. गाडीच्या म्युझिक सिस्टिमजवळचा यूएसबी पोर्ट कित्येकदा अर्धाच अँपिअर देतो, त्यावर कॅमेरा चालू होतो पण रेकॉर्डिंगला जोर आला की बंद पडतो. कॅमेऱ्यासोबत आलेलंच चार्जर वापरा आणि ते लायटर सॉकेटमध्ये ढिलं बसतंय का बघा, आपले स्पीड ब्रेकर माहीत आहेतच. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे कॅमेरा घरी आणून सावलीत, दोन अँपिअरच्या मोबाईल चार्जरवर, खात्रीच्या कार्डानं तीन तास चालवा. घरी नीट चालला तर दोष गाडीतल्या वायरचा नाहीतर उन्हाचा. घरी पण रडला तर दुकानदार खरं बोलला म्हणायचं.

स्पीड ब्रेकरवरून आठवलं, सेटिंगमध्ये जी-सेन्सर (धक्का ओळखणारा) असतो तो 'लो' करा. 'हाय' ठेवला की प्रत्येक खड्ड्याला कॅमेरा समजतो अपघात झाला, ती फाईल लॉक करतो, आणि लॉक फायली लूपमध्ये, म्हणजे कार्ड भरल्यावर जुन्यावर नवीन लिहिताना, पुसल्या जात नाहीत. शेवटी 'कार्ड फुल'. महिन्यातून एकदा फॉरमॅट मारलं की त्या पण जातात. आमच्याकडं दर एक तारखेला दोन्ही गाड्यांचा कालचा व्हिडिओ मोबाईलवर उघडून बघायचा आणि मग फॉरमॅट, ड्रायव्हरला सांगूनच ठेवलंय.

फक्त कधी खरंच काही घडलं असेल तर फॉरमॅट अजिबात नाही. कॅमेरा बंद करा, स्क्रीन पूर्ण विझू द्या, कार्ड काढून पाकिटात ठेवा आणि दुसरं घाला. म्हणून मी एक जादा कार्ड कागदपत्रांच्या पाऊचमध्येच ठेवतो. त्याची कॉपी करा पण मूळ कार्ड जपा, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं कोर्टात असा व्हिडिओ द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्याची तयारी वकील करून देतात पण कार्डच नसेल तर ते तरी काय करणार.

आज रात्री ते एचटूटेस्टडब्ल्यू लावा आणि सकाळी किती जीबी खरं निघालं ते इथंच खाली लिहा. कॅमेऱ्याचं मॉडेल पण सांगा, त्यात बॅटरी आहे का कॅपॅसिटर ते बघून सांगतो.