पायांकडे बघ

बाळा,

तुझा मेल रात्री वाचला. स्क्वेअर डान्समध्ये चार जोड्यांच्या चौकोनाला पुढची हालचाल माइकवरून पुकारून सांगायची, तो कॉल. 'माझ्या उच्चारांमुळे लोकांना कॉल कळत नाहीत, तेव्हा माइक सोडतो आणि नुसता नाचतो', असं तू लिहिलं आहेस. शनिवारी मी हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. उच्चारांचा काही संबंध नव्हता. तू अ‍ॅलमांड लेफ्ट पुकारलास, म्हणजे कॉर्नरशी, जोडीदार नसलेल्या बाजूच्या शेजाऱ्याशी, डावा हात धरून वळायला सांगितलंस, तेव्हा मागच्या चौकोनातल्या आजींनी डावा हात पुढे केला, पण घ्यायला समोर कुणीच नव्हतं. त्यांचा कॉर्नर अजून स्क्वेअर थ्रूच्या, म्हणजे आलटून पालटून हात देत पुढे जाण्याच्या, तिसऱ्या हातावर अडकला होता. आजींना हात खाली घ्यावा की तसाच धरावा, कळेना. तुला ते दिसलं नाही, कारण तू कागदात बघत होतास.

पायांकडे बघ.

स्क्वेअर थ्रूला दहा ठोके लागतात. आठव्या ठोक्याला पुढचा कॉल तोंडातून निघाला, तर दहाव्याला माणसं न अडखळता वळतात. हे तुला पाठ आहे. पण हे गणित पाय पोचत असतील तरच खरं. साताऱ्याला शाळेत आम्ही लेझीम खेळायचो, तेव्हा आमचे सर शिट्टी वाजवण्याआधी शेवटच्या रांगेतल्या बुटक्या पोरावर नजर टाकायचे. तो सावरला की शिट्टी. मला ते कळायला अमेरिकेत येऊन कित्येक वर्षं गेली.

मी ज्यांच्याकडे कॉलिंग शिकलो ते इथेच, कोलोरॅडो स्प्रिंग्जला, लॉइड शॉ यांच्या उन्हाळी वर्गात तयार झालेले. शॉ शाळा चालवायचे, जुने नाच गोळा करायचे, पोरांना नाचवत देशभर फिरवायचे. माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी माझा कागद पालथा घातला. टेबलावर आठ सोंगट्या मांडून रात्र रात्र सराव कर म्हणाले. हॉलमध्ये मात्र कागद नाही, फक्त माणसं.

मी ऐकलं नाही. १९८० च्या सुमाराची गोष्ट. माझा आवाज चांगला होता आणि मला तो फार आवडायचा. एक जोडपं नवीन आलं होतं, नवऱ्याला जरा कमी ऐकू यायचं. एका संध्याकाळी त्यांचा चौकोन तीनदा मोडला. तिसऱ्या वेळी मी सिंगिंग कॉलच्या, म्हणजे गाण्यातूनच पुकारायच्या नाचाच्या, शेवटच्या कडव्यात होतो, डोळे मिटून. उघडले तेव्हा ती बाई नवऱ्याच्या कोटाची बटणं लावत होती. ती दोघं परत आली नाहीत. मी फोन करायला हवा होता. केला नाही.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: मागचा चौकोन उभा राहिल्याशिवाय पुढचा कॉल नाही. लोक म्हणतात, याच हट्टामुळे आमचा क्लब आटला. चपळ मंडळी कंटाळून दुसरीकडे गेली. गेली, खरं आहे. मिनिटाला १२८ ठोके हवे असणाऱ्यांना मी १२० वर नाचवलं. पण जी राहिली त्यांतली दोघं सत्तरी उलटल्यावर शिकायला आली होती आणि अजून येतात. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. चाळीस वर्षांचे शनिवार घरच्यांचे घेतले आणि याला दिले, ते काय सगळ्यात वेगवान माणसासाठी? त्याला माझी गरजच नव्हती.

आणि उच्चारांचं म्हणशील तर, कॉलरलॅब या कॉलरांच्या, म्हणजे कॉल पुकारणाऱ्यांच्या, संघटनेचं पहिलं अधिवेशन १९७४ साली सेंट लुईसला भरलं, पुढे त्यांनी कॉलच्या याद्या ठरवल्या, आणि आज जपानी कॉलर जपानी वळणाच्या इंग्रजीत पुकारतो. लोक नाचतात. तुझा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' कुणाच्या पायात येत नाही. हे कारण मला पुन्हा सांगू नकोस. प्लस या वरच्या पातळीचे नवे कॉल शिकायचं खूळही सध्या बाजूला ठेव. दहा-बारा कॉल घे आणि एक चौकोन निवड. त्यातली एक जोडी आणि तिचे कॉर्नर लक्षात ठेव. ते जागेवर आले की अ‍ॅलमांड लेफ्ट. डोळ्यांनी बघून दे, आठवून नाही. पायांकडे बघ, किती वेळा सांगू?

त्या आजींना आज फोन कर. माफी मागत बसू नकोस, येत्या शनिवारी या म्हण. त्यांचा चौकोन स्टेजच्या अगदी पुढे उभा कर. मी साडेसहाला येऊन खुर्च्या लावतो आणि वेग १२० वर ठेवतो. कागद घरी ठेवून ये.

तुझा,
काका