दोन वर्षांचा हप्ता बांधण्याआधी

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, आता सगळंच इंग्रजीत. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, असल्याचं गेल्या वर्षी तपासणीत निघालं. तोंडी विचारलं तर विज्ञानाचं धडाधड सांगतो, पुस्तक उघडलं की जांभया. एका ऑनलाइन शिकवणीचा माणूस घरी येऊन गेला. ‘स्पेशल मुलांनाही चालतं’ म्हणतो, पण पैसे दोन वर्षांचे, हप्त्याने. घ्यावं का? नाहीतर दुसरं कुठलं?
– एक आई, वाळपई

उत्तर : ताई, सही करू नका. निदान इतक्यात नको.

‘स्पेशल मुलांना चालतं’ म्हणजे नक्की कोणाला, ते त्याला विचारा. ऐकू न येणाऱ्या मुलाला व्हिडिओखाली अक्षरं लागतात, दृष्टिहीन मुलाला स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) वाचू शकेल असा मजकूर, आणि तुमच्या बाबूला वाचून दाखवणारा आवाज आणि भरपूर वेळ. सगळ्यांना एकच औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण जात नाही.

मग एक धडा तुमच्या फोनवर मागून घ्या आणि फोन मुलाच्या हातात द्या, त्या माणसाच्या नव्हे. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी, त्यात ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा. त्याचं बटण दाबून धड्यातल्या ओळीवर बोट ठेवलं की फोन वाचून दाखवायला हवा. काही अॅपांत अक्षरं चित्राच्या रूपात डकवलेली असतात, तिथे हा आवाज अडखळतो किंवा गप्पच बसतो. व्हिडिओचा वेग कमी होतो का, प्रश्नांवरचं घड्याळ बंद करता येतं का, हेही बघा.

उत्तर कसं द्यायचं, हे मात्र कोणी तपासत नाही. डिचोलीची एक मुलगी माझ्याकडे यायची. उत्तर तिला ठाऊक असे, पण टाइप करताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं की स्क्रीन लाल. पुढे पुढे तिने फोन हातात घेणंच सोडलं. विज्ञानाच्या प्रश्नात स्पेलिंगचे गुण कापणारं अॅप तुमच्या घरी नको. बोलून किंवा पर्याय निवडून उत्तर देता येतं का, ते पाहा. पहिला-दुसरा नंबर झळकवणारे तक्ते तर मला मुळीच आवडत नाहीत.

पैसे न देताही बरंच मिळतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी, कोकणी, इंग्रजी तिन्ही भाषांतल्या गोष्टी मोफत आहेत. एकच गोष्ट आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचू द्या, पाचवीतला तो धक्का जरा हलका होतो. गोष्टी उतरवूनही ठेवता येतात. पावसात आपल्या सत्तरी तालुक्यात रेंज कशी असते ते मी तुम्हाला काय सांगणार! एनसीईआरटीच्या पुस्तकात क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन केल्यावर ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. सगळंच चांगलं असतं असं नाही, आधी तुम्ही चाळा.

हप्त्याविषयी : डिसेंबर २०२१मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेच पालकांना अशा कंपन्यांबाबत सावध केलं होतं. खात्यातून आपोआप पैसे कापून जाण्याची परवानगी देऊ नका, असं त्यात होतं. एका महिन्यापुरते पैसे घेतो का, विचारा. आणि मुलाच्या तपासणीचा अहवाल त्या माणसाच्या व्हॉट्सअॅपवर मुळीच पाठवू नका. विक्रेत्याला तो कशाला हवा?

पणजीत २०२३पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांसाठीचा महोत्सव भरतो. जमलं तर बाबूला घेऊन जा, तिथे साधनं प्रत्यक्ष बघता येतात.

शेवटी शाळेचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. मुख्याध्यापकांना भेटून सरकारी प्रमाणपत्राची आणि परीक्षेतल्या सवलतींची चौकशी आत्ताच करा. दहावीच्या तोंडावर हे कागद जमवताना पालकांची फार दमछाक होते.